वाळक्या पानातला हत्ती

‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की वहीत काय उमटतं? दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी! आपल्या नागपुरात असे डोंगर आहेत तरी कुठे? पण बघून कोण काढतो? आपण पाठ झालेलं काढतो.

बघायचं कसं, हे शिकवणारे एक मराठी कलावंत इंदूरला होऊन गेले. त्यांचं नाव विष्णू चिंचाळकर (१९१७–२०००). सगळे त्यांना ‘गुरुजी’ म्हणत. इंदूरच्या कलाशाळेत द. दा. देवळालीकर यांच्याकडे ते शिकले. ना. श्री. बेंद्रे आणि म. फि. हुसेन हे नामवंत चित्रकारही देवळालीकरांचेच विद्यार्थी. थोर गायक कुमार गंधर्व हे गुरुजींचे जिवलग मित्र होते.

सुरुवातीला गुरुजी रंग-कुंचल्याने व्यक्तिचित्रं, निसर्गचित्रं काढत. नावही झालं होतं. पण पुढे त्यांचं मन चौकटीत रमेना. वाळकी पानं, झाडाच्या साली, काटक्या, बिया, दगड, घरातल्या टाकाऊ वस्तू हेच त्यांचे रंग झाले. पानांपासून ते प्राणी करत. काटकीत किंवा सालीत लपलेला आकार हेरून त्याचं शिल्प करत. अक्षरांतून आणि आकड्यांतून चित्रं फुलवणारं ‘खुलते अक्षर, खिलते अंक’ हे त्यांचं हिंदी पुस्तकही प्रसिद्ध आहे.

वर्गात एखादा मुलगा हळूच म्हणतो, ‘बाई, माझ्याजवळ रंगपेटी नाही.’ दुसरी म्हणते, ‘मला चित्रच येत नाही.’ गुरुजींची कला या दोघांसाठीच आहे. तिला पैसे लागत नाहीत, लागतात ते डोळे!

मग या रविवारी आईबाबांसोबत अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सला चक्कर मारा. हिरवं पान तोडायचं नाही; खाली पडलेलंच उचलायचं. पळसाला पानं तीनच, हे खरं. पण तिन्ही सारखी असतात का? नीट बघा. सागाचं भलंमोठं पान हत्तीच्या कानासारखं दिसतं. पिंपळपानाचं टोक उंदराची शेपटी होऊ शकतं.

पानातलं पाणी उडालं की ते वळतं, चुरतं. म्हणून पानं रद्दी पेपरात ठेवून वर जाड पुस्तकांचं वजन ठेवा. आठवडाभरात ती सपाट होतील. मग पुठ्ठ्यावर मांडून बघा. फिरवा, उलटी करा. लगेच डिंक लावू नका, आणि कात्री तर शक्यतो नकोच! पान जसं आहे तसंच ठेवून त्यात कोण दिसतं, ते शोधण्यातच खरी गंमत.

आणि पालकहो, घरात आठ दिवस पालापाचोळा दिसला, तर कृपया केरात टाकू नका. कुणाचा तरी हत्ती त्यात असेल!