लक्षणांची रोजकीर्द

वर्षअखेरचा ताळेबंद जुळला तरी शंका आली की जाणता व्यापारी रोजकीर्द उघडतो. मेंदूच्या एका दुर्मीळ आजाराचे निदानही असेच होते.

मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा भाग म्हणजे मस्तिष्कस्तंभ. डोळ्यांची हालचाल, गिळणे, श्वास आणि जागृती यांचे नियंत्रण येथून होते. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे कधी याच भागावर उलटतात आणि तेथे दाह होतो. १९५१ मध्ये बर्मिंगहॅमच्या बिकरस्टाफ व क्लोक या डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांचे वर्णन केले. आजाराला बिकरस्टाफ यांचे नाव मिळाले.

प्रथम ताप-खोकला किंवा जुलाब होतात. ते विसरले जातात. पुढे एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, तोल जातो, गुंगी येते. पक्षाघात आणि क्षयजन्य मेंदूज्वर यांची शक्यता आधी तपासावीच लागते. मात्र एमआरआय निर्दोष आला म्हणून निश्चिंत होता येत नाही. जपानमधील ६२ रुग्णांच्या २००३ सालच्या अभ्यासात एमआरआयमध्ये दोष ३० टक्के रुग्णांतच दिसला. रक्तातील ‘जीक्यू१बी’विरोधी प्रतिपिंडे ६६ टक्के रुग्णांत आढळली. म्हणून लक्षणांचा क्रम आणि तज्ज्ञांची प्रत्यक्ष तपासणी यांवरच निदानाची भिस्त राहते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात पसरलेला गुलियन-बॅरे हा याच कुळातील आजार. त्यात हल्ला हातापायांच्या नसांवर होतो. तेथे अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जंतू सापडला. हा जंतू मांसाहारातूनच येतो असे नाही, दूषित पाण्यातूनही येतो. तो नुसत्या गाळण्याने अडत नाही. पाणी उकळावेच लागते.

खडवलीसारख्या भातसाकाठच्या गावातून मेंदूविकारतज्ज्ञांसाठी बहुधा कल्याण, ठाणे किंवा मुंबई गाठावी लागते. तेथील डॉक्टरांना रुग्णाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. जुलाब कधी झाले, दृष्टी कधी बिघडली, गुंगी केव्हा आली, हे तारखांसह एका कागदावर लिहून न्यावे. श्वास व गिळणे बिघडू शकते, म्हणून अतिदक्षता विभाग असलेलेच रुग्णालय निवडावे. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणे हे उपचार उपलब्ध आहेत, आणि बहुतेक रुग्ण चांगले बरे होतात.