अडत नाही, पण वळतो

पोट्टेहो, या, जवळ बसा. हाताचा हा एक्स-रे खिडकीसमोर धरून पहा. हाडं कशी पांढरीफेक दिसतात, पेरांमधल्या फटीसुद्धा मोजता येतात. पण मांस कुठं आहे? शिरा, स्नायू, चरबी यांची नुसती करडी सावली. हात तर भरलेला आहे, मग फोटोत रिकामा काऊन दिसतो?

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतल्या वुर्ट्झबर्ग गावी विल्हेल्म रोंटगेन यांना हा फोटो काढणारे क्ष-किरण, म्हणजेच एक्स-रे, सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडं उमटली आणि बोटातली अंगठी. या किरणांना अडवतात ते जड अणू. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, तर मांसातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनचे 6, 7 आणि 8. म्हणून किरण हाडाशी अडतात आणि मांसातून बरेचसे पार होतात. मांसात गाठ झाली तरी तीही मांसाचीच. सावलीतली सावली ओळखायची कशी?

रोंटगेन यांनी आणखी एक गोष्ट तपासली होती. काचेतून जाताना प्रकाश वळतो, तसे हे किरण वळतात का? त्यांनी पाण्याचे आणि इतर पदार्थांचे लोलक लावून पाहिले. नक्की म्हणावं असं वळण काही सापडलं नाही. किरण वळत मात्र होते! पदार्थ किरणाला किती वळवतो ते सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक; काचेचा तो साधारण 1.5 असतो, आणि 1 म्हणजे वळणच नाही. क्ष-किरणांसाठी मांसाचा अपवर्तनांक 1 पासून दहा लाखांत जेमतेम एका भागानं हटलेला. एवढं बारीक वळण त्या साधनांना कसं सापडणार?

आता मनानं वाघाडी नदीवर चला. हिवाळ्यातलं नितळ, पोटरीभर पाणी. ते ऊन अडवत नाही, तरी तळच्या वाळूवर उजळ रेघांची जाळी हलत असते. लाटेचा उंचवटा ऊन वळवतो. किरण जिथं गोळा होतात तिथं रेघ चमकते, जिथून हटतात तिथं अंधूक होतं. पाणी दिसत नाही, पण लाट दिसते. आणखी दोन गोष्टी नीट पहा. काठाशी, बोटभर पाण्यात या रेघा फिक्या असतात, कारण वळलेल्या किरणांना एकत्र यायला अंतर लागतं. आणि आभाळ भरून आलं की जाळी नाहीशी होते, कारण उजेड चहूकडून येतो आणि रेघा एकमेकींवर पडून पुसल्या जातात.

मांसाचा फोटोही याच दोन नियमांनी निघतो. फोटो टिपणारा पडदा शरीरापासून दूर ठेवायचा आणि किरण अगदी बारीक ठिपक्यातून सोडायचे. मग चरबी संपून गाठ सुरू होते ती कड उजळून दिसते. दवाखान्यातल्या क्ष-किरण नळीचा ठिपका त्यासाठी फार मोठा पडतो. म्हणून आधी हे काम मोठ्या यंत्रांवर झालं. आपल्या होळकरांच्या इंदुरात, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-2 नावाचं 172.5 मीटर घेराचं कडं आहे. त्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगानं फिरतात आणि चुंबकांनी वळवले की क्ष-किरण सोडतात. असे फोटो घेण्यासाठी तिथं वेगळी किरणवाट आहे, ती मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारली. इटलीतल्या त्रिएस्त इथं तर 2006 पासून अशाच यंत्रावर, साध्या तपासणीत शंका उरलेल्या बायांच्या स्तनांचे फोटो काढले गेले.

त्याच वर्षी फ्रान्झ फायफर आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वित्झर्लंडमध्ये वेगळी वाट दाखवली. साध्या नळीपुढे अतिशय बारीक रेघांच्या जाळ्या ठेवल्या, तर तिथंही किरणांचं वळण पकडता येतं. पुढे म्युनिकमध्ये याच जाळ्यांनी रुग्णांच्या छातीचे फोटो निघाले. फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीच्या भिंतीशी किरण जरासा विखुरतो. विडी-सिगारेटच्या धुरानं भिंती मोडल्या की विखुरणं कमी होतं आणि फोटोत तो भाग वेगळा दिसतो. सीटी स्कॅनच्या मानानं किरणांची मात्रा फारच कमी लागते.

पहिली शंभर वर्षं दवाखान्यानं किरणाला एकच प्रश्न विचारला: तू कुठं अडलास? कुठं वळलास, हे विचारायला आता कुठं सुरुवात झाली आहे. असं यंत्र आपल्या तालुक्याला यायला वेळ लागेल. पण यातली एक गोष्ट आजच घरी सांगा. छातीचा फोटो चांगला आला आणि चढ चढताना दम लागतच राहिला, तर डॉक्टरांकडे पुन्हा जायचं आणि फुंकून करायची ती श्वासाची तपासणी करून घ्यायची. फोटोत काही दिसलं नाही, म्हणून काही झालंच नाही, असं समजून कोणी घरी बसू नये.