जुनी प्रत आणि नवा वाचक

ग्रंथाच्या अखेरीस शब्दसूची असते. एखादा शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे हे ती सांगते, म्हणून सारा ग्रंथ चाळावा लागत नाही. संगणकावर लक्षावधी नोंदींतून क्षणार्धात शोध घेणाऱ्या व्यवस्था याच युक्तीवर उभ्या आहेत. २०१० साली निघालेली इलॅस्टिकसर्च ही त्यांपैकी एक प्रसिद्ध व्यवस्था होय. तिच्या पोटात सूची लिहिण्याचे आणि वाचण्याचे काम ल्युसीन करते.

ही सूची अनेक संगणकांच्या समूहावर वाटून ठेवतात. ती नष्ट होऊ नये म्हणून तिची राखीव प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, अन्यत्र साठवतात. ही प्रत दुसऱ्या समूहावर उतरवता येते काय? येते, पण दोन अटींवर.

पहिली अट साधी आहे. नव्या आवृत्तीत घेतलेली प्रत जुन्या आवृत्तीवर उतरत नाही. दुसरी अट मात्र भल्याभल्यांना चकवते. सूची मुळात कोणत्या आवृत्तीत जन्मली, हेही पाहावे लागते. प्रत्येक मोठी आवृत्ती स्वतःच्या आणि लगतच्या मागील पिढीच्या सूची पुरतेपणी चालवते. त्याहून जुन्या फार तर खास सोयीने, वाचनापुरत्या. समजा, सूची सहाव्या आवृत्तीत तयार झाली आणि पुढे समूह सातव्या आवृत्तीवर गेला. सूची विनातक्रार चालत राहिली, तिची प्रतही सातव्या आवृत्तीतच घेतली. तरीही आठव्या आवृत्तीचा समूह ती नेहमीच्या रीतीने स्वीकारत नाही.

असे का व्हावे? कारण प्रत घेताना मजकूर नव्याने लिहिला जात नाही. ल्युसीनच्या फायली जशाच्या तशा उचलल्या जातात. मोडीतला कागद दप्तरात सुखरूप असतो, पण मोडी न शिकलेल्याला तो मुका असतो. तसेच हे.

उपाय आहे. सातव्या आवृत्तीवर असतानाच मूळ नोंदी वाचून सूची नव्याने बांधावी आणि मग प्रत घ्यावी. वेळ निघून गेली असेल, तर सातव्या आवृत्तीचा तात्पुरता समूह उभारून तेथे हेच करावे. मात्र मूळ नोंदी सूचीबरोबर राखलेल्या हव्यात. शिवाय दोन समूहांनी एकच कोठार वापरायचे, तर लिहिण्याचा अधिकार एकालाच द्यावा.

आमचे सांगणे एवढेच, की प्रत घेतली म्हणून निर्धास्त राहू नये. ज्या आवृत्तीवर उद्या जायचे, तिच्यावर ती आजच उतरवून पाहावी.