जुन्या हुबळीची तोंडी बखर

1673 साली मराठी फौजेनं हुबळीची पेठ लुटली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीचंही नुकसान झालं. कंपनीच्या लोकांनी ते होनांत मोजलं, कागदावर मांडलं आणि भरपाईचा तगादा पुढं बराच काळ चालू ठेवला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास रायगडावर आलेल्या कंपनीच्या हेन्री ऑक्सिंडेनच्या वाटाघाटींतही हुबळीचा विषय होता. त्यामुळं वखारीच्या नुकसानीचा पत्ता आज कागदोपत्री लागतो. त्याच पेठेतली एखादी बाई पोरांना घेऊन कुठल्या रानात पळाली, परत आल्यावर तिच्या चुलीजवळ काय शिल्लक होतं, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

हुबळीबद्दल जे लिहिलं गेलं ते बहुतेक असंच आहे. कापूस, वखार, किल्ला, रेल्वे यांच्या नोंदी मुबलक. माणसं कशी जगली याच्या फार थोड्या. ही उणीव भरून काढू शकतील अशी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.

दोन हुबळ्या

हुबळी एक नव्हे, दोन. भवानीशंकराच्या देवळाभोवती वाढली ती जुनी. सावनूरच्या नवाबाच्या अमलात, 1727 साली, बसप्पा शेट्टर या सावकारानं दुर्गदबैलच्या किल्ल्याभोवती वसवली ती नवी. 1755-56च्या सुमारास मराठ्यांनी नवाबाकडून जुनी हुबळी घेतली, मध्ये म्हैसूरचा हैदर अली आला, 1790 साली ती पुन्हा मराठ्यांकडं आली. मग जुन्या गावात पेशव्यांच्या वतीनं फडके आणि नव्या गावात सांगलीकर पटवर्धन असा कारभार चालला. इंग्रजांनी 1817 साली पेशव्यांची जुनी हुबळी घेतली. नवी हुबळी 1820 साली पटवर्धनांकडून त्यांच्या हाती आली.

या कारभारामुळं दप्तरात मराठी आणि मोडी रुजली. इंग्रजी अमलातही धारवाड भागात शाळा-कचेऱ्यांवर मराठीचा पगडा कित्येक वर्षं टिकला. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या अधिकाऱ्यांनी शाळांमध्ये कन्नडला तिची जागा मिळवून दिली. 1890 साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तिथल्या मुलांना त्यांची भाषा मिळाली, हे न्याय्यच झालं. मराठी कचेरीतून निघाली आणि घरात राहिली. मराठा गल्लीत, दाजीबान पेठेतल्या तुळजाभवानीच्या आसपास, जुन्या हुबळीच्या ओण्यांत ती कन्नडच्या मांडीला मांडी लावून बसली. ओणी म्हणजे तिथली गल्ली.

वृद्ध माणसं हिशेब मराठीत करतात, भाजीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करतात, शेजारच्या मोहल्ल्यातल्या दोस्ताशी दख्खनी बोलतात. यात त्यांना काही विशेष वाटत नाही. आपल्याकडं सीमाप्रश्नाच्या चष्म्यातून पाहायची सवय असल्यानं आपल्यालाच ते नवल वाटतं. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत आणि कन्नडचे वरकवी झाले, जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि मराठीत कथा लिहीत. मोठ्यांच्या बाबतीत आपण हे कौतुकानं सांगतो. ओणीतल्या कष्टकऱ्याचं जगणंही त्याच मुशीतलं होतं.

पाणी, भोंगा आणि भाकरी

ऐंशीच्या घरातल्या या पिढीला ‘जुनं गाव कसं होतं’ असं विचारलं, तर ‘छान होतं, स्वस्ताई होती’ यापलीकडं फारसं काही हाती लागत नाही. ‘पाणी कुठून आणायचात?’ असं विचारलं की मात्र गोष्ट सुरू होते.

कारण हुबळीचा खरा इतिहास पाण्याचा आहे. शेजारून वाहणारी मोठी नदी नाही. विहिरी, तळी, उणकलचं तळं. मग 1950च्या दशकात नीरसागर. पुढं सौंदत्तीच्या धरणातलं मलप्रभेचं पाणी. तरी वर्षानुवर्षं नळाला आठवड्यातून एखाद्या वेळीच पाणी येई. पाणी येणाऱ्या दिवसावर धुणं, पाहुणे आणि कधी कधी साखरपुडासुद्धा ठरे. हंडे, घागरी, पिंपं, शेवटी पातेली आणि वाट्याही भरून ठेवायच्या. रात्री दोनला पाणी आलं तर सबंध ओणी जागी होई. भांडणंही तिथंच होत आणि सोयरिकीच्या गोष्टीही तिथंच निघत.

वेळ सांगायचा तो रेल्वे वर्कशॉपचा भोंगा. सदर्न मराठा रेल्वे 1882 साली स्थापन झाली आणि त्याच दशकात हुबळीत तिचं वर्कशॉप उभं राहिलं. त्याआधी इथला कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जाई आणि तिथून जहाजानं मुंबईला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 65, या कापसाला सोन्याचा भाव आला. बाजारात त्याला नावच पडलं ‘कुमठा’. पिकलं काळ्या रानात, नाव मिळालं बंदराला! रेल्वे आल्यावर गाडीवानांचा धंदा बसला आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना फिटर, टर्नर, खलाशी ही नवी कामं मिळाली. नात्याची खात्याशी सांगड घातली गेली. ‘वर्कशॉपात आहे’ एवढ्यावर मुलगी मिळे. मे 1974चा देशव्यापी रेल्वे संप अशा घरांना चांगला आठवतो; पगाराविना निघालेले दिवस, वाण्याची उधारी, बायकोच्या गळ्यातलं मोडलेलं डोरलं.

आणि भाकरी. जोंधळ्याच्या पिठात कढत पाणी घालायचं, तळहाताच्या टाचेनं मळत राहायचं, मग परातीत थापायची. कागदासारखी पातळ, पण कड न फाटता. तव्यावर भाजली की निखाऱ्याला लावून पुन्हा शेकायची, पार कुरकुरीत होईपर्यंत. ही कडक भाकरी फडक्यात बांधून चळत रचली की कित्येक दिवस टिकते. सोबत शेंगांची चटणी आणि रंजका, म्हणजे ओल्या लाल मिरचीचा ठेचा. सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या घरी मात्र दरवळ वेगळा. सुकं खोबरं, खसखस आणि भाजलेला मसाला घालून केलेलं सावजी मटण. मूळचा हा समाज रेशीम विणणारा. माग थंडावले आणि खानावळी चालू लागल्या. आज हुबळीत सावजी जेवायला जाणारे पुष्कळ. ही बायकांच्या हातची घरगुती चव धंद्यात कशी उतरली, हे त्या बायकांना विचारणारे थोडे.

मठ आणि गाणं

जुन्या हुबळीचं नाव दूरवर नेलं सिद्धारूढ स्वामींनी. बीदरकडच्या चळकापूरचे हे अद्वैती संत 1929 साली समाधिस्थ झाले. त्यांच्या शिष्यांत कबीरदास नावाचे मुसलमानही होते, आणि दर्शनाला येणाऱ्यांत कानडी-मराठी असा भेद नव्हता. शिवरात्रीचा रथ, श्रावणात तळ्यातली जलयात्रा, पंगतीतला प्रसाद आणि अखंड ‘ॐ नमः शिवाय’ हे जुन्या हुबळीच्या प्रत्येक बालपणात असतंच. होळीतले रती-कामण्णा आणि पंचमीपर्यंत घुमणारी हलगी हे दुसरं. आता रेल्वे स्टेशनालाही स्वामींचंच नाव आहे. मार्च 2023 मध्ये तिथं 1507 मीटरचा, जगातला सर्वांत लांब म्हणून गाजलेला फलाट सुरू झाला.

याच स्टेशनावरून गंगूबाई हनगल कुंदगोळला जात. मराठी रंगभूमी गाजवून गावी परतलेल्या सवाई गंधर्वांकडं शिकायचं आणि गाडीनं परत यायचं. गंगूबाईंचं ‘नन्न बदुकिन हाडु’ हे आत्मकथन कन्नडमध्ये आहे आणि ते त्यांनी सांगून लिहवलेलं आहे. एका थोर गायिकेचं आयुष्य ‘सांगा, आम्ही लिहितो’ म्हणणारा भेटला म्हणून पुस्तकात आलं.

आठवण किती खरी?

संशोधक इथं शंका घेतील, आणि घ्यावीच. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत. ‘नवा पैसा आला तेव्हा’ म्हणतात. पण 1 एप्रिल 1957 हा दिवस ठाऊक असला की त्यांचं बोलणं कालगणनेत बसवता येतं. ऐकीव आणि पाहिलेलं यांची सरमिसळ होते. दुर्गदबैलात पोलिसांच्या गोळीनं शाळकरी नारायण दोणी 1942 साली गेला, ते ‘आम्ही पाहिलं’ असं सांगणाऱ्यांत त्या वेळी न जन्मलेलेही असतात. ते खोटं बोलत नसतात. घरात इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते डोळ्यांसमोर घडल्यासारखं होतं. आजीच्या तोंडची प्लेगची गोष्टही तशीच. घरं सोडून माळावर छपरं घातली, गोरा डॉक्टर सुई घेऊन आला. कागद काढून पाहिले तर 1898 साली हुबळीत हाफकिनची लस फार मोठ्या प्रमाणावर टोचली गेल्याचं दिसतं. कागदावर आकडा असतो. सुईच्या भीतीनं कणगीत लपवलेलं पोर आजीच्या गोष्टीत असतं. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

अशा आठवणी जपण्याचं काम इतरत्र होतं. स्कॉटलंडमध्ये लीथ नावाचं जुनं बंदर आहे. 1920 साली ते एडिंबरा शहरात विलीन केलं गेलं. तिथल्या लोकांनी आधी मतदान करून प्रचंड बहुमतानं नको म्हटलं होतं, तरीही. गोदी थंडावली, पण ‘आम्ही लीथचे’ हे गेलं नाही. तिथली लिव्हिंग मेमरी असोसिएशन वृद्धांना एकत्र बसवते, जुन्या वस्तू त्यांच्या हातात देते आणि बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवते. हुबळी-धारवाडची मिळून एक महापालिका 1962 साली झाली. नव्या हुबळीनं जुनीला आणि महापालिकेनं दोघींना पोटात घेतलं. पण ‘मी जुन्या हुबळीची’ असं सांगणारी आजी अजून भेटते. मराठीत जात्यावरच्या लाखभर ओव्या गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांच्या चमूनं गावोगाव फिरून जमवल्या. म्हणजे असं काम आपल्याला परकं नाही. ते हुबळीत मराठी आणि कन्नड मिळून कुणीतरी हाती घ्यायला हवं, एवढंच.

तोवर प्रत्येक घराला करता येईल असं थोडं आहे. या दिवाळीत फराळानंतर मोबाइल ध्वनिमुद्रणावर ठेवा आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला पाणी, भाकरी, पहिला पगार, पहिलं बाळंतपण यांबद्दल विचारा. मध्ये तोडू नका, चूक सुधारू नका. ज्या भाषेत बोलतील त्या भाषेत बोलू द्या. निम्मं कन्नड आलं तर तसंच ठेवा. शेवटी नाव, वय, ओणी आणि तारीख त्यांच्याच तोंडून नोंदवा. एक प्रत घरात ठेवा, आणि त्यांची परवानगी असेल तर एक जवळच्या ग्रंथालयाला द्या. यासाठी अनुदान लागत नाही, पदवी लागत नाही. लागतो तो एक तास, आणि तो पुढच्या दिवाळीपर्यंत लांबवण्यासारखा नाही.