एका पाटीवर दोन आजार

प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या नागपूरच्या नैर्ऋत्य भागात शाळकरी मुलांच्या दातांवरच्या तारा आता कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. नवी आहे ती तारांकडून ठेवली जाणारी अपेक्षा. दात सरळ होतीलच, शिवाय जबड्याचे दुखणे जाईल आणि घोरणेही थांबेल, असे आश्वासन आता सर्रास कानावर पडते. दोन्ही तक्रारी जबड्याशी संबंधित, म्हणून दोन्हींवर एकच इलाज, हे ऐकायला पटतेही. माझ्या मते घोटाळा इथूनच सुरू होतो. जबड्याच्या सांध्यावर तारा हा उपचार नाही. घोरण्यामागे अनेकदा असणाऱ्या झोपेतल्या श्वासरोधावर दंतवैद्यकाकडे खरोखरच काही आहे, पण ते तारा नव्हेत. आणि काही वेळा एका आजाराचा उपाय दुसऱ्याच्या मुळावर येतो.

आधी सांधा. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले की तो बोटाखाली सरकलेला कळतो. दोन हाडांमध्ये एक लवचीक चकती असते. ती जागची हलली की कट्‌कन आवाज येतो. १९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टन यांनी ११ रुग्णांवरून असे मांडले की दाढा पडल्याने जबडा बसतो आणि त्यातून कानाच्या आणि डोक्याच्या तक्रारी सुरू होतात. दात नीट बसत नाहीत म्हणून सांधा दुखतो, ही समजूत तिथून रुजली आणि पुढची काही दशके दंतवैद्यकाने ती प्रमाण मानली. मग ती उलटून अंगावर आली. दात काढून तारा लावल्यामुळेच सांधा बिघडला, असा दावा एका मुलीच्या वतीने मिशिगनच्या न्यायालयात गेला आणि १९८७ मध्ये ज्यूरीने साडेआठ लाख डॉलरची भरपाई दिली. व्यवसाय हादरला, संशोधनावर पैसा खर्च झाला आणि १९९५ पर्यंत निष्कर्ष पुढे आला तो दोन्ही पक्षांना गैरसोयीचा होता: तारांमुळे सहसा हा आजार होत नाही आणि तारांनी तो बराही होत नाही. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१० च्या कॉक्रेन आढाव्याला तर तारांचा उपयोग सिद्ध करणारी एकही विश्वासार्ह चाचणी सापडली नाही. २०२३ च्या अखेरीस ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने दीर्घकालीन दुखण्यासाठी शिफारशी छापल्या. त्यात जबड्याचे व्यायाम, स्नायूंवरचे हातोपचार, मानसोपचारातली वर्तनचिकित्सा आणि रुग्णाला नीट समजावून धीर देणे यांवर भर आहे. दातांवर बसवायच्या, काढता येणाऱ्या प्लेटचाही तिथे फारसा आग्रह नाही. दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या प्लेटला तर ठाम विरोध आहे.

विदर्भात या प्रश्नाला आणखी एक फाटा आहे, आणि तो इथल्या पानठेल्यावरून येतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा नागपुरात मिळत नाही असे कोणी म्हणणार नाही. तो तासन्‌तास चघळल्याने जबड्याचे स्नायू थकतात, हे झालेच. त्याहून गंभीर म्हणजे सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडणे महिन्यागणिक कमी होते. रुग्ण म्हणतो ‘जबडा अडकला’, प्रत्यक्षात सांधा ठणठणीत असतो. स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात जात नसतील, तिखट झोंबत असेल आणि खर्ऱ्याची सवय असेल, तर तो सांध्याचा विकार समजून तारा किंवा प्लेट करत बसणे धोक्याचे, कारण या अवस्थेतून पुढे कर्करोग होऊ शकतो.

आता झोप. स्नायू सैल पडले की जीभ आणि पडजीभ मागे जातात, घसा मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. तासाला असे पाच प्रसंग झाले की श्वासरोधाचा आजार धरतात. तीसच्या पुढे तो तीव्र. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत असा अडखळत होता, आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा पेंगही येत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले आणि घोरणे हा थट्टेचा विषय नाही हे काही दिवस तरी लोकांना पटले. नागपूरच्या वेशीवरून समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर सरळ मुंबईकडे जातो. पेंगणाऱ्या चालकाला असा रस्ता काय करतो, हे वेगळे सांगायला नको.

या आजारावरचा भक्कम उपाय म्हणजे नाकावरच्या मुखवट्यातून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये जगापुढे आणले. दंतवैद्यकाचा वाटा येतो तो त्याच्यानंतर. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे, खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवणारे उपकरण रात्री घातले की जीभ जबड्याबरोबर पुढे येते आणि घसा मोकळा राहतो. कुणी म्हणेल, यंत्र असताना हे कशाला? कारण मुखवटा अनेकांना रात्रभर सोसत नाही आणि कपाटात ठेवलेले यंत्र कुणाचा श्वास चालवत नाही. २०१३ मध्ये सिडनीतच १२६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत श्वासरोध कमी करण्यात सीपॅप पुढे होते, पण लोकांनी उपकरण जास्त तास वापरले आणि महिन्याभराने रक्तदाब, पेंग यांसारख्या गोष्टींत दोन्ही जवळपास सारखी उतरली. भारतीय तज्ज्ञांची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वेही सौम्य ते मध्यम आजारात, सीपॅप नको असलेल्यांना किंवा न मानवणाऱ्यांना हा पर्याय देतात. निदान मात्र झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीने, म्हणजे स्लीप स्टडीने व्हावे लागते. दंतवैद्याच्या खुर्चीत काढलेल्या एक्स-रेवरून घशाची रुंदी दिसते, पण ती जागेपणीची.

दवाखान्याच्या एका पाटीवरच्या दोन आजारांची भांडणे इथे उघडी पडतात. जबडा रात्रभर पुढे ओढून धरला की भार सांध्यावर आणि स्नायूंवर येतो. सकाळी दुखते, बहुतेकांचे काही आठवड्यांत ओसरते, पण आधीच ठणकणारा सांधा असलेल्याला ते झेपेलच असे नाही. वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची ठेवणही हळूहळू बदलते, म्हणजे जो दात सरळ करायला आला त्याचेच दात हलतात. उलट बाजू अधिक गुपचूप आहे. रात्री दात खाणाऱ्याला वरच्या दातांवर सपाट प्लेट देण्याची पद्धत जुनी आहे. २००४ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये श्वासरोध असलेल्या अवघ्या १० जणांवर केलेल्या प्रयोगात निम्म्यांचे श्वास थांबण्याचे प्रमाण अशा प्लेटने दीडपटीहून अधिक झाले. दहाजणांवरून कायदा होत नाही, हे मान्य. पण प्लेट देण्याआधी ‘घोरता का?’ एवढे विचारायला हा आकडा पुरेसा आहे.

‘तारा लावल्या आणि जबडा बरा झाला’ असे सांगणारे भेटतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. हे दुखणे मुळातच चढते-उतरते असते. लोक ते शिगेला पोचल्यावर डॉक्टरकडे जातात, आणि तारा तर दीड-दोन वर्षे चालतात. तेवढ्या काळात बहुतेकांचे दुखणे तारा नसतानाही उतरले असते. समाजमाध्यमांवर नेमकी उलटी भीतीही फिरते, की दाढेपुढचे दात काढल्याने तोंड लहान होते आणि श्वासरोध जडतो. मिनेसोटात हे दात असलेले आणि नसलेले, प्रत्येक गटात २,७९२ जण ताडून पाहिले गेले: आजार हे दात असलेल्यांत ९.६ टक्के, नसलेल्यांत १०.७, पण हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय नव्हता.

लहान मुलांचे गणित वेगळे. टाळूच्या मधली शिवण वाढीच्या वयात जुळलेली नसते. अरुंद टाळू असलेल्या मुलात ती स्क्रूच्या उपकरणाने रुंदावता येते आणि नाकातला रस्ताही त्यासोबत मोकळा होतो, त्यामुळे काहींचा श्वासरोध घटतो. पण घोरणाऱ्या मुलात पहिला संशय वाढलेल्या टॉन्सिल-ॲडिनॉइडचा घ्यावा लागतो, म्हणजे आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि मग टाळू. मोठ्या माणसात मात्र ही शिवण घट्ट झालेली असते. नुसत्या दातांवर जोर लावून जबडा रुंद करू, असे सांगणारी उपकरणे अमेरिकेत न्यायालयात पोचली आहेत, दात हलून हिरड्या उघड्या पडल्याच्या तक्रारी घेऊन. तीव्र आजारात दोन्ही जबडे शस्त्रक्रियेने पुढे आणतात, आणि त्यापूर्वी दात नव्या जागी बसावेत म्हणून तारा लागतात. श्वासरोधाशी तारांचा खरा संबंध असतो तो या ठिकाणी, आणि त्या निर्णयाला दंततज्ज्ञ, जबड्याचा शल्यचिकित्सक आणि झोपेचा डॉक्टर असे तिघे लागतात.