चाबकाचा हिशोब

यंदा माहेरच्या यात्रेला गेले होते. बैलगाडा शर्यत बघून घरी आलो, तर वहिनी गप्प गप्पच. चहा टाकता टाकता म्हणाल्या, "वन्सं, पहिल्या आलेल्या गाडीवाल्यानं बैलांना काय झोडपलं हो! पण त्याला बोलणार कोण? ढाल तर त्यालाच मिळाली ना!"

वहिनींच्या बोलण्यावरून मला इंग्लंडमधली घोड्यांची शर्यत आठवली. लेकानं तिचं चित्रीकरण मला दाखवलं होतं. लिव्हरपूलजवळ एन्ट्री इथे होणारी ही 'ग्रँड नॅशनल'. सुमारे सात किलोमीटरची धाव आणि वाटेत उंच उंच अडथळे. २०११ मध्ये बॅलाब्रिग्ज नावाचा घोडा पहिला आला. त्याचा जॉकी, म्हणजे स्वार, जेसन मॅग्वायर यानं चाबूक प्रमाणाबाहेर चालवला म्हणून त्याला पाच दिवस घोड्यावर बसायची बंदी झाली. घोडा इतका दमला होता की शर्यत संपताच स्वार खाली उतरला आणि माणसांनी घोड्याच्या अंगावर पाणी ओतलं. निकाल मात्र तसाच राहिला, बक्षीसही तसंच!

म्हणजे शिक्षा झाली, पण जिंकणंही पचलं. मैत्रिणींनो, अशी शिक्षा कोणाला जाचणार? पाच दिवस घरी बसायचं आणि सगळ्यात मोठी शर्यत खिशात घालायची, हा सौदा कुणीही करेल.

लोकांनी ओरड केल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथं फटक्यांची संख्याच ठरवून दिली. सपाट मैदानावर सात, अडथळ्यांच्या शर्यतीत आठ. शेवटच्या टप्प्यात तर पाचच. लगेच क्रिस्तोफ सुमिलाँ या नामवंत जॉकीचा शेवटच्या टप्प्यात एक फटका जास्त झाला आणि त्याच्यावर पन्नास हजार पौंडांहून जास्त रकमेवर पाणी सोडायची वेळ आली. बाकीचे जॉकी खवळले. काही दिवसांतच शेवटच्या टप्प्याची ती अट काढून टाकावी लागली. खिशाला हात लागला की माणूस कसा जागा होतो, बघा!

जॉकींचंही एक म्हणणं आहे. चाबूक मऊ आवरणाचा असतो, बिथरलेला घोडा सावरायला तो लागतो. ते खरं असेलही. पण सावरायला लागणारा फटका वेगळा आणि बक्षिसासाठी मारलेला वेगळा. नॉर्वेनं घोडा पळवण्यासाठी चाबूक मारायला १९८२ मध्येच बंदी केली. त्यानंतरही तिथल्या शर्यती बंद पडल्या नाहीत.

ब्रिटनमध्ये खरा बदल झाला तो २०२३ मध्ये. मर्यादा आणखी खाली आणली, सपाट मैदानावर सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात. आणि मर्यादेपेक्षा चार किंवा त्याहून जास्त फटके मारले तर घोडाच बाद! जॉकीला बंदी होतेच, शिवाय मालकाचं बक्षीसही जातं. त्या वर्षी स्कॉटलंडमधल्या एअर इथे जिंकलेली ल्युनर डिस्कव्हरी ही घोडी याच नियमानं बाद झाली. तिच्यावर स्वार होती एक तरुणी. बाईमाणूस म्हणून हात हलका असतो, असं काही नसतं बरं का! जिंकायची घाई सगळ्यांनाच असते.

मला यात सगळ्यात पटलं ते हे की आता मालकच स्वाराला बजावणार, "बाबा, हात आवर, नाहीतर माझं बक्षीस जाईल." मुक्या जनावराची कणव प्रत्येकाला येईलच असं नाही. नुकसानीची भीती मात्र सगळ्यांना असते.

आपल्याकडे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. राज्यानं २०१७ मध्ये कायदा केला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. आपल्या नियमांत तर बैलांना चाबूक-काठी मारायलाच मनाई आहे, म्हणजे फटके मोजायचाही प्रश्न नाही. मग ढाल देताना हे कुणी बघतं का?

हे सगळं वहिनींना सांगितलं. त्या यंदाच ग्रामपंचायतीत निवडून आल्यात. जरा वेळ विचार करून म्हणाल्या, "पुढच्या यात्रेच्या बैठकीत मी एवढंच मांडणार, ज्यानं मारलं त्याची ढाल दुसऱ्या नंबरला. बघू या, किती हात उठतात."

मी म्हटलं, "कळवा हं मला. मीही येते बैठकीला."