फ्लिपरची ताकद कुठे गेली?

जुनं पिनबॉल यंत्र विकत घेणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली: फ्लिपर मरतुकडे झालेत, चेंडू वरपर्यंत जातच नाही. शिकागोच्या गॉटलीब कंपनीने 1947 मध्ये 'हम्प्टी डम्प्टी'त फ्लिपर आणले, तेव्हापासून खेळाची सगळी मजा त्यांच्यातच. बहुतेक जण लगेच नवी कॉइल मागवतात. पैसे वाया!

जुन्या फ्लिपरच्या कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. जाड तारेचं वेटोळं भरपूर वीज ओढून फटका मारतं. फ्लिपर पूर्ण वर गेला की एक छोटा स्विच उघडतो आणि बारीक तारेचं वेटोळं परिपथात येतं. त्याचा रोध जास्त असल्याने वीज घटते. बटण दाबून धरलं तरी कॉइल तापत नाही. स्विचची टोकं काजळली की फटक्यातली वीज अडते. स्विच उघडलाच नाही, तर कॉइल जळते. म्हणून आधी टोकं साफ करावीत, कॉइलमधली झिजलेली नळी बदलावी.

सत्तरच्या दशकाअखेर इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले, आणि त्यांच्यासोबत नवा शत्रू: बोर्डावरची बॅटरी. ती गळली की तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. यंत्र घरी आणल्यावर सर्वांत आधी ती काढावी, चालू करून बघण्याचा मोह नंतर.